विश्वरूप कोणाला दिसले? महाभारतातील तीन दर्शने आणि त्यांचा अर्थ

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय जाहीर करताना 'धर्मग्रंथांतील ईश्वरदर्शने आणि त्यांचा प्रतीकार्थ' असे लिहिले होते. विषय फार मोठा आहे. सगळीकडे थोडे थोडे फिरण्यापेक्षा एकाच ग्रंथात, एकाच दर्शनापाशी थांबू. ग्रंथ महाभारत आणि दर्शन विश्वरूपाचे.

विश्वरूप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गीतेचा अकरावा अध्याय येतो. कॅलेंडरवरचे चित्रही येते: अनेक मुखे, अनेक हात, समोर हात जोडलेला अर्जुन. पण महाभारतात कृष्ण असे रूप एकदाच दाखवत नाही. तो ते तीनदा दाखवतो. एकदा युद्धाच्या आधी, कौरवांच्या सभेत. एकदा युद्धाच्या तोंडावर, कुरुक्षेत्रावर. आणि एकदा युद्ध संपल्यावर, वाळवंटात, उत्तंक नावाच्या ऋषीला. मधले दर्शन सगळ्यांना माहीत असते, पहिले काहींना, आणि तिसरे फारच थोड्यांना. माझे म्हणणे असे, की ही तिन्ही एकापुढे एक ठेवून वाचल्याशिवाय मधल्याचा अर्थ पुरता लागत नाही.

अर्थ लावण्याच्या दोन सवयी

आधी आपल्या दोन सवयींबद्दल बोलतो.

पहिली सवय शब्दकोशाची. देवाला चार हात का? तर चार दिशा, किंवा चार वेद, किंवा चार पुरुषार्थ. शंख म्हणजे नाद, चक्र म्हणजे काळ, गदा म्हणजे बळ, कमळ म्हणजे अलिप्तता. हे सगळे खोटे आहे असे मी म्हणत नाही. मूर्तिशास्त्रात अशा जोड्या खरोखर आहेत आणि कीर्तनातही त्या शोभतात. पण अशी यादी पूर्ण झाली की आपल्याला वाटते, अर्थ कळला. कोडे सुटले, पान उलटा! खरे तर त्या यादीत दर्शनाची गोष्टच नसते. ते कोणी मागितले, कोणाला दिसले, पाहणाऱ्याचे पुढे काय झाले, यातले काहीच यादीत येत नाही.

दुसरी सवय अलीकडची आहे. विश्वरूप म्हणजे बिग बँग, दिव्यदृष्टी म्हणजे दुर्बीण, संजय म्हणजे दूरदर्शनचा वार्ताहर. यात ग्रंथाचा गौरव होतो असे आपल्याला वाटते. पण ग्रंथाला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मिळवून द्यायच्या घाईत आपण त्याचा प्रश्नच बाजूला टाकतो. अकराव्या अध्यायातल्या अर्जुनाला विश्व कसे निर्माण झाले हे कळत नाही. त्याला आपली माणसे मरताना दिसतात. दोन्ही गोष्टींत फरक आहे.

दोन्ही सवयींत चूक एकच: दोन्हीकडे पाहणारा माणूस गायब आहे. म्हणून आज आपण रूपाकडे थोडे कमी आणि पाहणाऱ्याकडे जास्त पाहू.

पहिले दर्शन: सभेत

उद्योगपर्व. कृष्ण पांडवांचा दूत म्हणून हस्तिनापुरात आला आहे. राज्य नाही तर निदान पाच गावे द्या, इथपर्यंत मागणी खाली आलेली आहे. दुर्योधन ऐकत नाही. उलट कर्ण, शकुनी आणि दुःशासन यांच्याबरोबर बेत रचतो, की या कृष्णालाच बांधून ठेवू. दूताला बांधणे म्हणजे राजनीतीच्या कुठल्याही नियमात न बसणारी गोष्ट. सात्यकीला सुगावा लागतो आणि सभेत बोभाटा होतो.

तेव्हा कृष्ण दुर्योधनाला जे सांगतो त्याचा मथितार्थ असा: मी एकटा आहे असे समजून तू मला धरायला निघालास, पण मी एकटा नाही. मग तो हसतो आणि त्याच्या देहातून देव प्रकट होऊ लागतात. कपाळी ब्रह्मा, छातीवर रुद्र, बाहूंवर लोकपाल. अंगठ्याएवढे देव, विजेसारखे लखलखणारे. आणि देवांबरोबर माणसेही आहेत: बलराम, अर्जुन, भीम, युधिष्ठिर, वृष्णी आणि अंधक कुळातले वीर.

सभेतले राजे भीतीने डोळे मिटून घेतात. भीष्म, द्रोण, विदुर, संजय आणि तिथे आलेले ऋषी, एवढेच ते रूप पाहू शकतात. धृतराष्ट्रालाही त्या वेळी डोळे मिळाले असे काही पाठांत येते.

आता प्रतीक म्हणून हे काय आहे? इथल्या रूपाचा अर्थ कृष्णाच्या वाक्यातच आहे: 'मी एकटा नाही'. ज्याला तुम्ही एकटा, निःशस्त्र, सहज बांधता येईल असा माणूस समजता, त्याच्यामागे किती जण उभे असतात याचे हे दर्शन आहे. सत्तेला समोरचा माणूस नेहमी एकटाच दिसतो.

पण दर्शनाचा परिणाम काय झाला? काहीही नाही. हे लक्षात घ्या मंडळी. साक्षात परमेश्वर सभेत प्रकट झाला आणि सभेचा निर्णय एका अक्षराने बदलला नाही. कृष्णाने रूप आवरले, सात्यकी आणि कृतवर्मा यांचे हात धरले आणि तो बाहेर पडला. ज्यांनी डोळे मिटले ते युद्धाला गेले. ज्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले ते भीष्म आणि द्रोणही दुर्योधनाच्याच बाजूने लढले. दिसले म्हणजे पटले असे नाही, आणि पटले म्हणजे वागण्यात उतरले असे तर मुळीच नाही. चमत्कार पाहिला की माणूस सुधारतो, ही आपल्या सिनेमाची कल्पना झाली. महाभारताचा तिच्यावर विश्वास नाही.

दुसरे दर्शन: रणांगणावर

आता कुरुक्षेत्र. इथे एक मोठा फरक आहे. सभेत कृष्णाने आपणहून रूप दाखवले. इथे अर्जुन ते मागतो. दहाव्या अध्यायात विभूती ऐकून झाल्या आहेत: पर्वतांत हिमालय, नद्यांत गंगा, महिन्यांत मार्गशीर्ष. ऐकून मन भरले नाही, आता पाहायचे आहे.

कृष्ण सांगतो, या डोळ्यांनी जमणार नाही, आणि त्याला दिव्यदृष्टी देतो. मग जे होते ते छंदातसुद्धा ऐकू येते. गीतेचा नेहमीचा अनुष्टुभ, आठ अक्षरांचा चरण, पंधराव्या श्लोकापाशी सुटतो आणि अकरा अक्षरांचा लांब त्रिष्टुभ सुरू होतो. तो थेट पन्नासाव्या श्लोकापर्यंत चालतो. अर्जुनाचा श्वासच बदलला आहे. गीता मोठ्याने म्हणणाऱ्याला हा बदल अर्थ न कळताही जाणवतो.

आरंभी आश्चर्य आहे. देव, ऋषी, नाग, आदि नाही, अंत नाही. पण हळूहळू आश्चर्याचे भय होते. त्याला दिसतात दाढा. त्या मुखांत धृतराष्ट्राचे पुत्र, भीष्म, द्रोण, कर्ण शिरत आहेत. काहींची डोकी चुरडून दातांच्या फटीत अडकली आहेत. आणि एक तपशील आपण वाचताना सहसा ओलांडून जातो: त्यांच्याबरोबर 'आपल्या' बाजूचे मुख्य योद्धेही आहेत. काळाच्या जबड्यात दोन पक्ष नसतात.

शेवटी अर्जुन विचारतो, हे उग्र रूपाच्या देवा, तू आहेस तरी कोण? ज्याला इतकी वर्षे मित्र म्हणून ओळखत होता, त्यालाच हा प्रश्न! आणि उत्तर येते, की तो काळ आहे. मराठीत या शब्दाची जी धार आहे ती फार थोड्या भाषांत असेल. काळ म्हणजे वेळ आणि काळ म्हणजे मृत्यू. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' असे आपण सहज बोलून जातो. भाषांतरात या दोहोंतला एक अर्थ निवडावा लागतो. ओपेनहायमरने अणुबाँबच्या १९४५ च्या चाचणीची आठवण सांगताना हाच श्लोक आठवला, आणि त्याच्या इंग्रजीत 'काळ' नाहीसा होऊन नुसता मृत्यू उरला. पण मला खटकते ते दुसरेच. ते वाक्य श्लोकात देवाचे आहे. ते माणसाच्या तोंडी गेले की त्याचा अर्थच उलटतो. हे दर्शन माणसाला तो काळ नाही हे दाखवण्यासाठी आहे, आणि आधुनिक स्मरणात राहिले ते नेमके 'मीच काळ झालो' असे.

इथेच आपल्या विषयातला सगळ्यात धोक्याचा शब्द येतो: निमित्तमात्र. हे सगळे आधीच मारले गेले आहेत, तू केवळ निमित्त हो. या शब्दाच्या आडोशाला किती जण लपू शकतात याचा विचार करा. 'मी कोण मारणारा? मी तर निमित्त.' हुकुमाचा ताबेदार हेच म्हणतो, दंगलीतला माणूसही हेच म्हणतो.

ही अडचण आपल्या मोठ्या वाचकांना जाणवली होती. गांधींनी 'अनासक्तियोगा'त कुरुक्षेत्र माणसाच्या हृदयात नेले. लढाई बाहेरची नाही, आतल्या सद्‌वृत्ती आणि दुर्वृत्तींची आहे, असे ते वाचतात. रूपकाने धोका टळतो खरा. पण मग दाढांत अडकलेली डोकी कोणाची? ती दुर्गुणांची म्हटली की अर्जुनाचा थरकाप समजेनासा होतो. दुर्गुण मेले तर कोणी थरथरत नाही. टिळकांनी 'गीतारहस्या'त, १९१५ मध्ये, उलट दिशेने वाचले. लढाई खरी, कर्तव्य खरे, फळाची आसक्ती सोडून ते केले पाहिजे. हे वाचन जास्त सरळ आहे. पण त्यात विश्वरूपाचे भय कर्तव्यापुढे मागे पडते.

मला वाटते, निमित्तमात्र हा शब्द त्या प्रसंगातून उचलून घोषणेसारखा वापरता येत नाही. तो कोणाला सांगितला आहे? ज्याचे हात कापत आहेत, धनुष्य गळून पडले आहे, जो समोरच्या प्रत्येकाला नावाने ओळखतो आणि ज्याला त्यांचे मरण आधीच दिसून चुकले आहे, त्याला. दुर्योधनाला तो सांगितलेला नाही. ज्याला मारायचा उत्साह आहे त्याला हा शब्द नाहीच. आणि तो सांगणारा कोण? ज्याने आधी पाच गावांवर तडजोड करून पाहिली, तो. सभेतले दर्शन विसरून रणांगणावरचे वाचले की निमित्तमात्र हा परवाना होतो.

ज्ञानेश्वर काय करतात

या अध्यायाकडे ज्ञानेश्वर कसे जातात ते पाहण्यासारखे आहे. अकराव्या अध्यायाच्या आरंभी ते म्हणतात, की इथे शांत रसाच्या घरी अद्भुत रस पाहुणा आला आहे. घरधनी शांत, पाहुणा अद्भुत. पाहुण्याचा थाट मोठा असतो, सगळे त्याच्याकडेच बघतात. पण तो जाणार असतो. घर शांताचेच राहते.

भयाने भरलेल्या अध्यायाला ही केवढी वेगळी चौकट आहे! प्रचंड रूपाला त्यांनी पाहुणा केले. पुढे ते वर्णनात कुठेही कंजुषी करत नाहीत, उलट मूळ श्लोकाच्या कितीतरी पट फुलवतात. पण चौकट पहिल्यापासून पक्की आहे.

मूळ गीतेतही शेवट तसाच आहे. अर्जुन माफी मागतो. थट्टेत, जेवताना, झोपताना-बसताना तुला 'अरे कृष्णा, अरे यादवा, अरे मित्रा' म्हणालो, ते पोटात घाल. आणि मागणी करतो: पहिले रूप परत दाखव. सौम्य, मानवी रूप दिसल्यावर तो भानावर येतो. ज्याने विश्वरूप मागितले त्यानेच ते परत घ्यायला सांगितले. आणि अध्यायाचा शेवटचा श्लोक ईश्वराजवळ पोहोचणाऱ्याची लक्षणे सांगतो. त्यात कुठलेही भव्य दृश्य नाही. जो कर्म ईश्वरासाठी करतो, भक्त आहे, आसक्ती सोडलेला आहे, आणि कोणत्याही प्राण्याशी ज्याचे वैर नाही. दातांत अडकलेल्या डोक्यांपासून सुरू झालेला प्रवास निर्वैर या शब्दावर थांबतो. हा शब्द लक्षात ठेवा, तो आपल्याला पुढे लागणार आहे.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने केली. ती साने गुरुजींनी उतरून घेतली, म्हणून आज आपल्याकडे 'गीता प्रवचने' आहे. अकराव्या अध्यायावर बोलताना विनोबांचा कल स्पष्ट आहे: विराट रूप पाहायची हौस हवीच कशाला? लहानशा मूर्तीतही तोच पूर्ण आहे आणि तेवढा आपल्याला झेपतो. कुणाला हे विश्वरूपाचे अवमूल्यन वाटेल. मला ते अध्यायाच्या शेवटाशी इमान राखणारे वाचन वाटते. अर्जुनाने शेवटी जे मागितले, ते विनोबा आधीच मागतात.

आणि अर्जुनाचे पुढे काय झाले? युद्ध संपल्यावर, आश्वमेधिक पर्वात, तो कृष्णाला सांगतो: त्या वेळी तुझे ईश्वरी रूप पाहिले, पण तू जे सांगितलेस ते आता मनातून गेले, पुन्हा सांग. कृष्णाला ते आवडत नाही. ते जसेच्या तसे पुन्हा सांगता येणार नाही, म्हणतो, आणि मग अनुगीता सांगतो. विश्वरूप पाहिलेला माणूस उपदेश विसरला! महाभारतकार किती निष्ठुरपणे प्रामाणिक आहेत बघा.

तिसरे दर्शन: वाळवंटात

आता तिसरे. कृष्ण द्वारकेला परत निघाला आहे. वाटेत मरुभूमीत उत्तंक ऋषी भेटतात. त्यांना युद्धाचा पत्ताच नाही. ते सहज विचारतात, काय, कौरव-पांडवांचा समेट घडवलास ना? कृष्ण सांगतो, प्रयत्न केला, त्यांनी ऐकले नाही, सगळे मेले.

उत्तंक संतापतात. तू समर्थ होतास, तरी वाचवले नाहीस. मी तुला शाप देतो. हाच प्रश्न स्त्रीपर्वात गांधारीनेही विचारला होता. तिला कृष्णाने कुठलेही विश्वरूप दाखवले नाही. शंभर मुलांच्या आईचा शाप त्याने ऐकून घेतला, मान्य केला. छत्तीस वर्षांनी यादवांचा नाश झाला.

उत्तंकांना मात्र तो समजावतो. ज्या योनीत मी जन्म घेतो, तिच्यासारखा वागतो. देव होतो तेव्हा देवासारखा, नाग होतो तेव्हा नागासारखा. माणूस झालो तेव्हा माणसासारखी विनवणी केली. याहून जास्त काही माणसाला करता येत नव्हते. मला हे वाक्य सगळ्या विश्वरूपापेक्षा मोठे वाटते. मग उत्तंक रूप पाहायला मागतात आणि कृष्ण दाखवतो. ग्रंथ स्पष्ट सांगतो, की अर्जुनाने पाहिले तेच हे रूप.

इथे जाणकार श्रोता अडेल. गीतेत कृष्ण म्हणतो, हे रूप तुझ्याखेरीज कोणी पाहिलेले नाही. मग सभेत भीष्म-विदुरांनी पाहिले ते काय? सभेतले रूप वेगळे होते, असा एक उलगडा देता येतो. पण दोन्ही रूपे सारखी धरली तरी गीतेचे म्हणणे खरे ठरते. सभेतल्यांना बळ दिसले, अर्जुनाला काळ दिसला. तसे पाहिले तर अर्जुनाचे दर्शन त्याच्याखेरीज कोणाचे नाहीच.

उत्तंक नमस्कार करतात, रूप आवरायला सांगतात. कृष्ण वर माग म्हणतो. ते म्हणतात, दर्शन झाले, पुष्कळ झाले. कृष्ण आग्रह करतो. तेव्हा ते साधी गोष्ट मागतात: या वाळवंटात मला हवे तिथे पाणी मिळावे. कृष्ण म्हणतो, तहान लागली की माझे स्मरण कर.

पुढे एक दिवस तहान लागते. स्मरण करतात. आणि समोर येतो एक मातंग. उघडा, अंगाला मळ माखलेला, भोवती कुत्री, हातात धनुष्यबाण. त्याच्या देहातूनच, लघवीच्या वाटेने, पाण्याचा प्रवाह येतो आहे. तो म्हणतो, तुम्हाला तहान लागलेली पाहून दया आली, घ्या, प्या. पुन्हा पुन्हा म्हणतो. उत्तंक तहानेने व्याकूळ आहेत तरी पीत नाहीत, उलट रागाने टाकून बोलतात. मातंग कुत्र्यांसकट दिसेनासा होतो.

मग कृष्ण येतो. उत्तंक तक्रार करतात, ब्राह्मणाला असे पाणी द्यायचे असते का? कृष्ण सांगतो: मी इंद्राला तुझ्यासाठी अमृत द्यायला सांगितले होते. तो म्हणाला, मर्त्याला अमृत देऊ नये, आणि द्यायचेच तर मी चांडाळाच्या रूपाने देईन. त्याने घेतले तर घेतले. तू परत पाठवलेस. शेवटी कृष्ण दुसरा वर देतो, की त्या वाळवंटात मेघ येऊन पाणी देतील, त्यांना उत्तंकमेघ म्हणतील. अमृत गेले, पाऊस मिळाला.

मंडळी, हा मातंग शब्द आपल्याकडे आजही एका समाजाचे नाव आहे. म्हणून ही कथा आपल्याला तटस्थपणे ऐकता येत नाही, आणि येऊही नये. ग्रंथाने दोन दर्शने शेजारी ठेवली आहेत. एका अध्यायात अनंत बाहूंचे रूप, आणि लगेच पुढे कुत्र्यांच्या गराड्यातला उघडा माणूस. पहिल्याला ऋषीने हात जोडले. दुसऱ्याला हाकलले. ज्याने सगळे विश्व एका देहात पाहिले, त्याला त्या विश्वातला एक माणूस दिसला नाही.

अकराव्या अध्यायाने शेवटी जी अट घातली, निर्वैरतेची, तिची ही परीक्षा होती. विश्वरूपाचा प्रतीकार्थ मी इथे शोधतो. ते रूप सांगते, की सगळे एकाच देहात आहे: देव, राजे, आपले, परके, मारणारे, मरणारे. हे वाक्य सोपे आहे. ते समजले की नाही हे दिव्यदृष्टी असताना कळत नाही. ती काढून घेतल्यावर, साध्या डोळ्यांनी, तहान लागलेली असताना समोर कोण येतो आणि आपण काय करतो, तिथे कळते.

आपल्या संतचरित्रांना हा धडा चांगला ठाऊक आहे. एकनाथांना दत्तात्रेय भेटले ते मलंगाच्या वेषात, असे सांगतात. नामदेवांच्या गोष्टीत कुत्रा भाकरी घेऊन पळतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावतात. उत्तंकांना जे जमले नाही ते नामदेवांना जमले, इतकाच त्या गोष्टीचा अर्थ. पण त्याच पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, पायरीपाशी राहिली, आणि त्यांच्या लोकांना आत जायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी मे महिन्यात उपोषणाला कोण बसले? साने गुरुजी. ज्यांनी धुळ्याच्या तुरुंगात अकरावा अध्याय ऐकता ऐकता लिहून घेतला होता, तेच. ऐकलेल्याचा अर्थ त्यांनी पंधरा वर्षांनी लावून दाखवला असे मी म्हणेन. टीका म्हणून मला ती कुठल्याही भाष्याच्या तोडीची वाटते.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, मग विश्वरूप खरोखर दिसले होते की ती केवळ कविकल्पना?

उत्तर: श्रद्धा असणाऱ्याला ते घडलेले आहे, नसणाऱ्याला ते काव्य आहे. मी आज जे मांडले त्यासाठी दोघांपैकी कोणालाही आपली जागा सोडावी लागत नाही. घडले असे मानले तरी सभेतले राजे बदलले नाहीत हे तुम्हाला समजून घ्यावे लागते. काव्य मानले तरी कवीने त्यांना का बदलू दिले नाही हे सांगावे लागते. प्रश्न दोघांपुढे सारखाच आहे.

प्रश्न: उत्तंकाच्या कथेत शेवटी तो मातंग इंद्रच निघतो. म्हणजे मान इंद्राला. खरा मातंग आला असता तर हाकलणे बरोबर ठरले असते का?

उत्तर: बाई, तुम्ही कथेच्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलेत. हो, ही त्या कथेची मर्यादा आहे. ती त्या माणसाचा उपयोग वेष म्हणून करते. त्याला स्वतःचे नाव नाही, त्याची स्वतःची तहान नाही. 'तो देव होता म्हणून अपमान करायला नको होता' असे म्हणणे आणि 'तो माणूस होता म्हणून करायला नको होता' असे म्हणणे, यांत मोठे अंतर आहे. कथा पहिल्यापर्यंत येते. दुसरे चोखोबांनी, पायरीच्या बाहेर उभे राहून विचारले. म्हणून मला वाटते, उत्तंकाची कथा चोखोबांच्या अभंगांबरोबर वाचावी, एकटी वाचू नये. ग्रंथ जिथे थांबला तिथे आपणही थांबलेच पाहिजे असे बंधन वाचकावर नाही.

वेळ झाली आहे. पुढच्या वेळी केनोपनिषदातल्या यक्षाकडे जाऊ. तिथेही देवांपुढे कोणीतरी येऊन उभे राहते, आणि अग्नीला व वायूला ते कोण हे कळत नाही. येण्यापूर्वी जमल्यास ती कथा वाचून या. छोटी आहे, अर्ध्या तासाचे काम.